परात आडवी तोला, मग उभी तोला

पत्र :

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवतो. वय 51. बारावी आर्ट्सनंतर शिक्षण सुटलं, पण डोक्यातले प्रश्न काही सुटले नाहीत. दळण टाकून बसलो की एकेक सुचत राहतं. गहू थंड टाकतो, मग पीठ गरम का येतं? धाकटी बहीण रत्नागिरीला दिली आहे. तिच्याकडे माठातलं पाणी कधी गार लागतच नाही आणि आमच्याकडे भर मे महिन्यात थंडगार असतं, ते का? रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघतो तेव्हा आणखी मोठे प्रश्न पडतात. तारे अगणित असतील तर रात्र काळी कशी? विश्वाची सुरुवात ज्यातून झाली म्हणतात तो महास्फोट (बिग बँग) नेमका कुठे झाला?

मला एक सिद्धान्तही सुचला आहे. पृथ्वीवर हवेचा थर आहे, तो वरून दाबतो, म्हणून वस्तू खाली पडतात. अंतराळात हवा नाही, म्हणून तिथे माणसं तरंगतात. मग गुरुत्वाकर्षण वेगळं मानायचंच कशाला? मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिला हे सांगितलं. ती म्हणाली, 'बाबा, हे तुमचं क्षेत्र नाही, चारचौघांत बोलू नका.' तेव्हापासून गप्प आहे. माझा सिद्धान्त कुठे पाठवू? की हे सगळं सोडून देऊ?

– एक गिरणीवाला

उत्तर :

भाऊ, सोडून देऊ नका. आणि सिद्धान्त कुठे पाठवायच्या आधी तो तुमच्याच गिरणीतल्या काट्यावर चढवून बघू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो हाच भाग, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुमची कल्पना वेडगळ नाही. लांबून काहीतरी ओढतं, यापेक्षा काहीतरी ढकलतं हे मनाला लवकर पटतं. न्यूटनच्या ओळखीतल्या फातियो नावाच्या स्विस गणितज्ञाने 1690 च्या सुमाराला गुरुत्वाकर्षणाचा उलगडा बारीक कणांच्या ढकलण्यातून करून पाहिला होता. पुढच्या शतकात ल साज नावाच्या दुसऱ्या स्विस माणसाने तीच कल्पना पुढे नेली. ती टिकली नाही, पण तिचा हिशेब मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी गांभीर्याने तपासला. तुमच्या कल्पनेलाही तोच मान मिळायला हवा, म्हणजे तिची तपासणी व्हायला हवी.

घरातली मोठी परात घ्या. काट्यावर ती आडवी ठेवा आणि शेजारी एक रिकामा डबा ठेवून दोन्हींचं वजन लिहून घ्या. मग तीच परात त्याच डब्याला टेकवून उभी करा आणि पुन्हा बघा. हवा वरून दाबते म्हणून वजन येत असेल, तर आडव्या परातीवर हवेला दाबायला भरपूर जागा आहे आणि उभीवर नुसती कडेएवढी. आकडा बदलायलाच हवा. किती बदलायला हवा, तेही काढता येतं. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार टाकते. परातीचा व्यास 40 सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ होतं साधारण 1250 चौरस सेंटिमीटर. म्हणजे आडवी परात साडेबारा क्विंटल भरली पाहिजे! तुमचा काटा मोडला असता. प्रत्यक्षात परात दोन्ही वेळा तेवढीच भरेल.

मग तो साडेबारा क्विंटलचा भार जातो कुठे? हवा खालूनही तेवढीच दाबते, बाजूनेही दाबते. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर जाड कागद ठेवा आणि कागदाला हात लावून पेला उलटा करा. हात काढला तरी पाणी सांडत नाही, कारण खालची हवा कागदाला वर दाबून धरते. जी वस्तू सगळ्या बाजूंनी दाबते ती एका दिशेला पाडू शकत नाही. (तंतोतंत बोलायचं तर खालचा दाब वरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे हवा वस्तूला पाडत नाही, उलट थोडीशी उचलते. गॅसचा फुगा त्यानेच वर जातो.)

आणखी एक तपासणी घरबसल्या होते. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश आहे. तुमचं म्हणणं खरं असतं तर इथलं 90 किलोचं गव्हाचं पोतं तिथे 60 किलो भरलं असतं, आणि देशातल्या एकूण एक व्यापाऱ्याला ते केव्हाच कळलं असतं. चंद्रावर तर हवा जवळजवळ नाहीच. अपोलो 15 चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने 1971 मध्ये तिथे उभं राहून एका हातातून हातोडी आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही खाली पडली, आणि बरोबरच पडली. त्याचं चित्रण आजही बघायला मिळतं. रात्रीच्या व्हिडिओंमध्ये हा एक जरूर बघा.

आता माझ्या मनातला सगळ्यात लाडका पुरावा. चंद्र स्वतःच पडतो आहे. पृथ्वीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर पडते. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके लांब, त्याच्या साठपट लांब चंद्र आहे. अंतर वाढलं की ओढ त्याच्या वर्गाने कमी होते असं धरलं, तर 60 गुणिले 60 म्हणजे 3600. 4.9 मीटरला 3600 ने भागा, 1.36 मिलिमीटर येतात. आता दुसऱ्या बाजूने बघा. चंद्र 3,84,000 किलोमीटरवरून 27.3 दिवसांत फेरी मारतो, म्हणजे सेकंदाला सुमारे एक किलोमीटर चालतो. तो सरळ न जाता वळतो. एका सेकंदात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे किती सरकतो, हे भूमितीने काढता येतं. उत्तर येतं 1.36 मिलिमीटर. मधे हवा नाही, दोरी नाही, तरी झाडावरचं फळ आणि चंद्र एकाच हिशेबात बसतात. हा ताळा न्यूटनने घालून पाहिला होता. तुम्हीही कॅल्क्युलेटर घेऊन घाला. गुरुत्वाकर्षण वेगळं मानायचं कशाला, याचं माझं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणि तरंगणारे अंतराळवीर? अंतराळस्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरतं. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून त्याच्या टोकाला 70 किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा केला, तर काटा साधारण 62 किलो दाखवेल. म्हणजे ओढ जवळपास 89 टक्के शाबूत आहे. माणसं तरंगतात ती स्थानक आणि ती स्वतः मिळून एकत्र पडत असतात म्हणून. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पुढे जात असल्यामुळे त्यांचं पडणं पृथ्वीला चुकवत राहतं, आणि दीड तासात एक फेरी होते.

तुमचा सिद्धान्त असा पडला, पण त्याने तुम्हाला परातीपासून चंद्रापर्यंत नेलं. पुढचा सुचेल (सुचणारच, तुमचा स्वभाव दिसतो) तेव्हा वहीत त्याच्याखाली लगेच एक ओळ लिहा : हे चूक असेल तर मला काय दिसेल? ती ओळ लिहिता आली आणि तपासूनही कल्पना टिकली, तर मग ती दुसऱ्याला दाखवायची. जवळच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. कल्पनेसोबत तपासणी आणि आकडे आणणारा माणूस आला की शिक्षक हातातलं काम बाजूला ठेवून बसतात.

माठाचा प्रश्न तुम्ही बहुतेक किरकोळ म्हणून आधी उरकून टाकलात. मला तो तुमच्या सगळ्या प्रश्नांत श्रीमंत वाटतो. माठ पाझरतो आणि बाहेर आलेलं पाणी उडून जातं. उडताना पाण्याचे सगळ्यात चपळ कण आधी निसटतात, मागे मंद कण उरतात, आणि कणांची चपळाई कमी होणं म्हणजेच पाणी गार होणं. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते, आणि ती बरीचशी मागे उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. यालाच पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. एवढी उष्णता काढली की 580 ग्रॅम पाणी एका अंशाने उतरतं. म्हणजे दहा लिटरचा माठ एका अंशाने गार करायला सुमारे 17 ग्रॅम पाणी उडावं लागतं.

रत्नागिरीच्या हवेत बाष्प आधीच ठासून भरलेलं असतं. तिथे पाण्यातून जितके कण निसटतात त्यातले बरेचसे परत येऊन मिळतात. तुमच्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठाक, गेलेला कण सहसा परतत नाही. याची मर्यादाही ठरलेली आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून वाऱ्यात धरलं की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. हवा 43 अंशांची आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर तो पारा 22-23 ला थांबतो. किनाऱ्यावर हवा 33 अंशांची आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर 28 लाच थांबतो. तुम्ही बहिणीपेक्षा दहा अंश जास्त उन्हाळा सोसता आणि तिच्यापेक्षा गार पाणी पिता ते यामुळे. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत नुसता दमट वारा फेकतो, त्याचंही कारण हेच.

तुमच्याकडे काटा आहे, मग हे करून बघाच. तीन-चार दिवस वापरून चांगला भिजलेला माठ संध्याकाळी भरा, काट्यावर ठेवा, वजन आणि पाण्याचं तापमान लिहा. त्यात तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो 35 अंशांच्या खाली दाखवत नाही. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात साधा काचेचा मिळेल. सकाळपर्यंत माठातलं पाणी कोणी घेऊ नये, हे घरात सांगून ठेवा. सकाळी दोन्ही आकडे पुन्हा घ्या. शेजारी तेवढंच पाणी भरलेली, झाकण लावलेली स्टीलची कळशी ठेवा, म्हणजे नुसत्या रात्रीच्या गारव्याने पाणी किती उतरलं तेही कळेल. मग 17 ग्रॅमचा हिशेब लावा. माठातून पाणी त्याहून बरंच जास्त उडालेलं असेल. तिथे थांबू नका. जास्तीच्या पाण्याने कुठली उष्णता नेली, हा पुढचा प्रश्न. (इशारा देते : बाहेरची हवा माठाला रात्रभर तापवतच असते.)

गरम पिठाचं उत्तर आणि तुमच्या मुलीच्या बोलण्याचं उत्तर मला एकाच माणसाकडून द्यायचं आहे. दगडांच्या घर्षणाने पीठ तापतं हे तुम्हाला माहीतच आहे. खरा प्रश्न असा की ही उष्णता येते कुठून? काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाला हाच प्रश्न म्यूनिकच्या तोफांच्या कारखान्यात पडला. धातूला भोक पाडताना उष्णता निघतच राहते, संपतच नाही, मग ती धातूत साठवलेली वस्तू असेल कशी? 1798 मध्ये त्याने ते मांडलं. पण किती मेहनतीला किती उष्णता, याचा चोख हिशेब 1840 च्या दशकात जेम्स ज्यूल याने लावला. मँचेस्टरजवळचा हा माणूस घरच्या बिअरच्या कारखान्याचं काम बघायचा. विद्यापीठाची पदवी नाही, प्राध्यापकी नाही. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून पाणी किती तापलं हे तो मोजत बसे. सुरुवातीला त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. आज जगभर ऊर्जा त्याच्याच नावाने मोजतात. ज्यूल मोठा ठरला तो बाहेरचा होता म्हणून नाही. त्याची मोजणी इतरांपेक्षा बारीक होती म्हणून.

तुमच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. एवढ्यात 86 लिटर पाणी दहा अंशांनी तापतं. गिरणीने खाल्लेल्या प्रत्येक युनिटातला फार थोडा भाग दाणा फोडण्यात अडकून राहतो. बाकी सगळा शेवटी पिठात, दगडात, पट्ट्यात, मोटरीत आणि खोलीतल्या हवेत उष्णता म्हणून उतरतो.

आता काळी रात्र. हा प्रश्न केप्लरने 1610 मध्ये विचारला होता आणि 1823 मध्ये ओल्बर्स नावाच्या जर्मन डॉक्टरने, जो रात्री आकाश बघत असे, पुन्हा मांडला. दाट सागाच्या जंगलात उभं राहिलं की कुठेही बघा, नजर कुठल्यातरी खोडाला अडतेच. तसे तारे अनंत पसरले असतील आणि कायमचे असतील, तर प्रत्येक दिशेला नजर ताऱ्यालाच अडली पाहिजे आणि सगळं आकाश सूर्यबिंबाइतकं झळाळलं पाहिजे. मधली धूळ प्रकाश अडवत असेल म्हणावं, तर तीही तापून चमकू लागेल. खरं उत्तर वेळात आहे. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं. फार लांबचा प्रकाश अजून इथे पोचलेलाच नाही, आणि तारेही कायमचे नाहीत. त्यात विश्व प्रसरण पावत असल्यामुळे लांबून येणारा प्रकाश ताणला जातो आणि डोळ्यांच्या पलीकडे जातो.

प्रत्येक दिशेने काहीतरी येतं मात्र आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत होल्मडेल इथे आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. 1964 मध्ये त्यांना एक बारीक खरखर ऐकू येऊ लागली, जी कुठल्याही दिशेला, कुठल्याही ऋतूत जाईना. त्यांनी अँटेनात राहणारी कबुतरं हुसकली, त्यांची शिट खरवडून काढली, तरी खरखर तशीच. ते विश्व साधारण 3,80,000 वर्षांचं असतानाचं तेज होतं. आता ते ताणून सूक्ष्मलहरी झालं आहे, तापमान उणे 270 अंशांच्या आसपास. 1978 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पूर्वी अँटेनावाल्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर मुंग्या यायच्या, त्यातला साधारण शंभरावा हिस्सा या तेजाचा होता. आपण सगळ्यांनी तो पाहिलेला आहे.

महास्फोट कुठे झाला, याचंही उत्तर इथेच मिळतं. तो एका जागी झाला असता तर हे तेज एका बाजूने आलं असतं. ते सगळीकडून जवळजवळ सारखंच येतं, कारण तेव्हा सगळीच जागा तशी होती, तुमची गिरणी आज आहे तीसुद्धा.

इथे जयंत नारळीकरांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांना महास्फोटाची कल्पना शेवटपर्यंत मान्य नव्हती. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी 1993 मध्ये पर्यायी मांडणी केली, समीकरणं आणि निरीक्षणं यांच्यासकट. बहुतेक शास्त्रज्ञांना ती पटली नाही, मलाही पटत नाही, पण मतभेद कसा मांडावा याचा तो नमुना आहे. हेच नारळीकर मुलांनी स्वाक्षरी मागितली की म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देईन. आणि देत.

व्हिडिओंबद्दल थोडंसंच. 'हे कसं कळलं?' हे जो सांगत नाही तो व्हिडिओ बंद करा. 'आज मध्यरात्री वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल लांब ठेवा' असे निरोप फिरतात. हे किरण म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, आणि ते रोज, अखंड येतात. त्यांच्यापासून वातावरणात तयार झालेला एखादा कण आत्ताही दर सेकंदाला तुमच्या तळहातातून जातो आहे. 'क्वांटम' म्हणून अंगठ्या आणि पाणी विकणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका.

गणिताची धास्ती घेऊ नका. किलोमागे दर आणि टक्क्यामागे तूट काढणाऱ्याला सुरुवातीपुरतं गणित येतंच. बालभारतीचं दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1' आणा. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, पुढे उष्णतेचा आहे, आणि पुस्तक ई-बालभारतीवर फुकट मिळतं. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे. पुण्याकडे येणं झालं तर 28 फेब्रुवारीच्या, विज्ञान दिनाच्या सुमाराला या. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. त्या दिवसांत ती लोकांना बघायला खुली करतात आणि तिथे काम करणारी मंडळी प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तरं देतात.

राहिली मुलगी. ती तुम्हाला लोक हसतील म्हणून जपते आहे, असं मला पत्रावरून वाटलं. तिच्याशी वाद घालू नका. माठाचे आकडे तिच्यासमोर ठेवा आणि 17 ग्रॅमचा हिशेब तपासून दे म्हणा. अप्रकट उष्मा तिने शिकलेला असणार, पण काट्यावर चढवलेला माठ बहुधा पाहिलेला नसेल. दोघांचं उत्तर आलं की मला कळवा. त्या दिवशीचं हवामान, माठ किती जुना आणि वारा होता की नव्हता, हेही लिहा. नाहीतर आकड्यांचा अर्थ लावता येणार नाही.